नदीकाठच्या सपाटीवर सायकलनं तीन दिवस

मागच्या महिन्यात आम्ही नऊ जणी सायकलवरून कृष्णाकाठ फिरून आलो, हे कळल्यापासून आजूबाजूच्या गटांतून सारखी विचारणा होते आहे. कुठून गेलात, राहिलात कुठं, खर्च किती आला, आणि घरच्यांनी सोडलं कसं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं आहे. बाकीचं आज सांगतो.

आम्ही नऊ जणी म्हणजे एकाच बचत गटातल्या. सगळ्यात लहान सव्वीस वर्षांची, सगळ्यात मोठी सत्तावन्नची. नऊपैकी सहा जणींना सायकल येत होती, पण लग्नानंतर एकीनंही हात लावला नव्हता. शाळेत असताना रोज पाच-सात किलोमीटर सायकल मारणारी मुलगी लग्नानंतर दळण आणायलासुद्धा कुणाच्या तरी गाडीमागं बसून जाते. उरलेल्या तिघी गावाबाहेरच्या मैदानात शिकल्या, संध्याकाळी, अंधार पडायच्या बेतानं, म्हणजे पडलं तर कुणी बघू नये. पडल्याच. बघितलंही सगळ्यांनी.

बायकांनी मोठ्या वयात सायकल शिकणं ही काही आमची नवलाई नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षराबरोबर सायकलही शिकवायचं ठरवलं, आणि एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. कारण साधं होतं. वर्गाला यायचं, पाणी आणायचं, बाजाराला जायचं, तर प्रत्येक वेळी नवऱ्याची नाहीतर एसटीची वाट बघावी लागू नये. हे आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "कामाला जायला सायकल चालते. नुसतं बघायला जायला चालते का?" सहल तिथून सुरू झाली.

ही म्हणणारी बाई आमच्यात सगळ्यात चांगली सायकल चालवते. तिचे मालक तीन वर्षांपूर्वी गेले. तिचं नाव यादीत आलं तेव्हा भावकीतून निरोप आला की इतर बायका गेल्या तर ठीक, हिनं कशाला मिरवत फिरायचं? ती दोन दिवस बैठकीला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती पाना आणि ग्रीसचा डबा घेऊनच.

आता भाग कोणता निवडायचा? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घाटाच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. सांगलीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंतचा पट्टा म्हणजे परातीसारखा सपाट. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा तिला मिळते आणि नरसोबावाडीला पंचगंगा. तीन-तीन नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ म्हणजे इथली काळी जमीन. चढ नाही म्हणून सायकलला सोपं. पण उतार नाही म्हणून पाण्यालाही पुढं सरकायची घाई नाही. पूर आला की तो इथं ठाण मांडतो. पाट आणि विहिरीचं पाणी उसाला वर्षानुवर्षं भरपूर दिलं, ते निचरून गेलं नाही, आणि खालचे क्षार वर आले. शिरोळ तालुक्यात रस्त्याच्या कडेला मधेच पांढरट, ओसाड रान दिसतं ते हेच, क्षारपड. गाडीतून जाताना वाटतं, पडीक ठेवलंय कुणीतरी. सायकलवरून जाताना लक्षात येतं की एका बाजूला पुरुषभर ऊस उभा आहे आणि बांधाच्या पलीकडं गवतसुद्धा उगवत नाही.

निघण्याआधी सायकलीकडं बघा. आमच्या सायकली साध्याच, निम्म्या तर मुलींच्या शाळेच्या. गिअर नाहीत, आणि सपाटीवर त्यावाचून काही अडत नाही. सीटची उंची मात्र नीट करून घ्या. सीटवर बसून पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात किंचित वाकलेला. आपण भीतीपोटी सीट खाली ठेवतो, दोन्ही पाय टेकावेत म्हणून, आणि संध्याकाळी गुडघे धरून बसतो. पहिल्या दिवशी आमच्यातल्या दोघींनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पाना मागितला. हवा अंगठ्यानं दाबून टायर दबणार नाही इतकी भरा. दोन्ही ब्रेक तपासा, चेनला तेल द्या, चेनकव्हर नसेल तर बसवून घ्या. साडी नेसायची असेल तर निऱ्या थोड्या वर आणि पदर कमरेला घट्ट खोचून. ओढणी मात्र गाठ मारून पाठीवर बांधा, कारण चाकात साडीपेक्षा ओढणी जास्त वेळा जाते. आमच्यातल्या चौघी पंजाबी ड्रेसवर होत्या, चौघी सहावारीत आणि एक नऊवारीत. नऊवारीवाली सगळ्यात आरामात होती.

सामान थोडंच घ्या. एक जोड कपडे, चादर, टॉवेल, कानटोपी, बॅटरी. गटात मिळून एक पंप, पंक्चर काढायची पेटी, एक जास्तीची ट्यूब आणि पाना. शेताच्या वाटेवर बाभळीचे काटे असतात, पंक्चर होणारच. पंक्चर काढायला कुणा एकीनं तरी आधी सायकलच्या दुकानात बसून शिकून घ्यावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्या तीन दिवसांत चार पंक्चर झाली, आणि तिसऱ्या पंक्चरपर्यंत सगळ्याच शिकल्या होत्या.

पहिल्या दिवशी सकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर जमलो. हा पूल १९२९ सालचा, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. पावसाळ्यात बातम्यांत "आयर्विनला पाणी अमुक फूट" असं आपण ऐकतो, ते मोजमाप इथलंच. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. जानेवारीत पुलावरून खाली बघितलं तर नदी अशी खोल, गप्प आणि शहाणी दिसते की तिनंच ते केलं यावर विश्वास बसत नाही. पुढं तीन दिवस आम्ही गावागावांत भिंतींवरच्या खुणा बघत गेलो, २००५ ची रेघ आणि तिच्या वर २०१९ ची. काही ठिकाणी सायकलवर बसल्यावरही ती रेघ आमच्या डोक्याच्या वर होती.

सांगली ही पटवर्धनांची राजधानी. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन हे संस्थान उभं केलं. गणपतीचं दर्शन घेऊन पुढं निघालो. इथंच १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हा मराठी नाटकाचा पहिला खेळ केला.

तिथून हरिपूर तीन-चार किलोमीटर. वारणा आणि कृष्णा यांचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, झाडांची सावली. पण आमच्या मनात घर केलं ते हळदीच्या पेवांनी. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल खोली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. इथली माती अशी की पेव ढासळत नाही आणि ओलही धरत नाही. वाळवलेली हळद आत भरायची, तोंड बंद करून वर माती लावायची, की आत हवाही नाही आणि कीडही नाही. भाव येईपर्यंत हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडतानासुद्धा बेतानं. तोंड उघडून आत हवा खेळल्याशिवाय कुणी उतरत नाही, कारण बंद पेवात जीव गुदमरतो. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं आणि पुढं हळद गोदामांकडं वळली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या चुलीजवळच्या डब्यातल्या हळदीचा प्रवास असा होता, हे आम्हाला शेजारच्या तालुक्यात राहून माहीत नव्हतं.

हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचंही गाव. त्यांचं 'शारदा' नाटक १८९९ चं, म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं. बालविवाहाविरुद्धचा कायदा झाला १९२९ मध्ये, आयर्विन पुलाच्याच वर्षी. त्यालाही लोक शारदा कायदा म्हणतात, पण ते नाव नाटकावरून नव्हे. तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. त्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय ठरवलं चौदा. आमच्यातल्या सत्तावन्न वर्षांच्या ताईंचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. त्या काळी कायदा अठरावर आला होता, पण गावापर्यंत यायला त्याला सायकल मिळाली नसावी.

पुढं अंकलीच्या पुलावरून नदी ओलांडून जयसिंगपूर. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव, म्हणून रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. इथं वाहनांची गर्दी फार, थांबू नका. शिरोळमार्गे दुपार टळता टळता वाडी गाठली.

इथं एक बोलायला अवघड वाटणारी गोष्ट बोलूनच टाकतो. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठं? मग उन्हात सायकल मारून डोकं दुखतं, चक्कर येते आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. आमच्यातल्या एकीचं पहिल्या दिवशी हेच झालं. त्यावर आम्ही उपाय केला तो असा. निघायच्या आधी वाटेवरचे पेट्रोल पंप, एसटी स्टँड आणि मोठी देवळं कागदावर लिहून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्याच थांबलो, लागलेली असो वा नसो. एकटीला "थांबा गं" म्हणायला लाज वाटते, नऊ जणी थांबल्या की तो कार्यक्रमच होतो. पेट्रोल पंपावर पेट्रोल भरलं नाही तरी तिथलं शौचालय वापरता येतं, हे सांगायला संकोच करू नका. एका ठिकाणी कुलूप होतं. किल्ली मागितली, "साहेब नाहीत" म्हणाले. नऊ सायकली दारात उभ्या राहिल्यावर किल्ली सापडली. पाळी येणार असेल तर सामान बरोबर ठेवा. तेवढ्यासाठी सहल सोडायचं कारण नाही, त्रास होत असेल तर त्या दिवशी अंतर कमी करा.

नरसोबावाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. नृसिंह सरस्वतींनी इथं बारा वर्षं वास्तव्य केलं अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नानाला लोक लांबून येतात. ज्या पुराला वरच्या गावात शिव्या बसतात, त्याला इथं हात जोडले जातात. दोन्ही खरंच आहे. घाटावर संध्याकाळी बसलो, पेढे घेतले, कवठाची बर्फी घेतली. आणि राहायला जागा शोधायला गेलो तर एका ठिकाणी विचारलं, "बरोबर माणूस कोण आहे?" आम्ही म्हणालो, आम्ही नऊ माणसं आहोत. खोली मिळाली नाही. दुसरीकडं मिळाली, आणि तिथल्या काकूंनी गरम पाणीही दिलं. तेव्हा आमचा सल्ला असा, की दोन-चार दिवस आधी फोन करून गटाच्या नावानं खोली सांगून ठेवा आणि ओळखपत्रं सगळ्यांची घ्या. ऐन संध्याकाळी असा प्रश्न अंगावर घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पंचगंगा ओलांडून कुरुंदवाड. पटवर्धनांचंच एक संस्थान, नदीला सुरेख घाट. हिंदुस्थानातली पहिली सर्कस १८८० मध्ये काढणारे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी होते. आमच्यातल्या एकीची आजी सांगायची की सायकलवर बसलेली बाई तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती सर्कशीच्या तंबूत, तिकीट काढून.

कुरुंदवाडच्या शेजारी हेरवाड आहे. हे गाव वाटेत यावं म्हणून आम्ही मुद्दाम तिकडून गेलो. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, इथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हेरवाडचं उदाहरण इतर ग्रामपंचायतींपुढं ठेवलं. एका अंगणात पाणी प्यायला थांबलो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "कुठनं आलायसा एवढ्या? आन् सायकलीवर?" मग चहा झाला. आमच्या मैत्रिणीनं ठरावाचं विचारलं. आजी म्हणाल्या, "ठराव झाला म्हणून मन लगीच ऱ्हात न्हाई बाई. पर आता कुणी हात धरून बांगडी फोडाय आलं, तर नको म्हणाय तोंड झालं." आमच्या मैत्रिणीनं आपल्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्यांकडं बघितलं. त्या तिनं सहलीच्या पहिल्या दिवशी सांगलीत घेतल्या होत्या, आणि आम्ही कुणी त्यावर बोललो नव्हतो.

पुढचा रस्ता उसातून. दोन्ही बाजूंना ऊस म्हणजे वाराही लागत नाही आणि वळणापलीकडचं दिसतही नाही. मोकळ्या रानात आलं की समोरून वारा, आणि सपाटीवरचा वारा चढापेक्षा वाईट. म्हणून अंतर सकाळीच कापा, अकराच्या आत. एकीमागं एक चाला, वारा अंगावर घेणारी पुढची सायकल दर थोड्या वेळानं बदला. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, कानठळ्या बसवणारी गाणी लावून. त्यांना तुमची घंटा ऐकू येत नाही. मागची ट्रॉली वळणावर आत येते, हे ध्यानात ठेवून सरळ खाली उतरून उभं राहा. अंधारात या रस्त्यावर थांबूच नका. एका फडाजवळ ऊस तोडणाऱ्या बायका मोळ्या बांधत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या कामाला निघालात?" आम्ही सांगितलं, बघायला. एकीनं डोक्यावरची मोळी खाली न ठेवता विचारलं, "नुसतं?" त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

खिद्रापूरचं कोपेश्वर देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. नदीच्या काठी, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. पुढच्या स्वर्गमंडपाला छताच्या मधोमध मोठं गोल आभाळ सोडलंय आणि बरोबर त्याच्याखाली गोल शिळा आहे. भोवती ४८ खांब. बाहेर देवळाचा भार पाठीवर घेतलेले हत्ती. पण आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला तो नंदी शोधण्यात. शंकराच्या देवळासमोर नंदी नाही! गोष्ट अशी सांगतात, की बापानं यज्ञाला बोलावलं नाही तरी सती नंदीवर बसून माहेरी गेली, तिथं अपमान झाला आणि तिनं अग्नीत उडी घेतली. म्हणून इथला शंकर कोपलेला, त्याला शांत करायला शेजारी विष्णू, आणि नंदी नदीपलीकडं येडूरला. आमच्या सत्तावन्नच्या ताई म्हणाल्या, "माहेरी जायला तिला वाहन तरी होतं." मग शिळेवर ऊन येईपर्यंत आम्ही तिथंच बसून भाकरी खाल्ली, म्हणजे देवळाबाहेर, झाडाखाली.

तिसऱ्या दिवशी शिरोळ, अर्जुनवाड करत मिरज. मिरासाहेबांचा दर्गा, तिथंच १९३७ मध्ये गेलेले अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत आणि उरुसात गवई येऊन हजेरी लावतात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेचीच. मोठमोठ्या सभांत तिकीट लावून गाणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. जवळच्या गल्लीत सतार-तंबोऱ्याची दुकानं. तलवारींना धार लावणारे शिकलगार हत्यारांचे दिवस संपल्यावर या कामाकडं वळले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचा, कडू, खायचा नव्हे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही मानांकन मिळालं. एका कारागिरानं तंबोरा जुळवून दाखवला आणि आमच्या धुळीनं भरलेल्या हातांत दिला. आम्ही घाबरून हात पुसले, ते म्हणाले, लाकूडच आहे, धरा. आणि याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेनं कृष्णेचं पाणी गेलं होतं.

मिरजेहून दहा किलोमीटर सांगली, मग गाव. गावात शिरताना आमची मैत्रीण सगळ्यात पुढं होती. भावकीतली माणसं पारावर बसलेली होती. तिनं घंटा वाजवली.

खर्चाचं राहिलं. जाताना घरून भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे नेले. खोली, चहा, रात्रीचं जेवण, ट्यूब मिळून जे झालं ते नऊ जणींत वाटलं आणि हिशोब गटाच्या वहीत लिहिला आहे, बघायला या. पंप, पाना आणि पंक्चरची पेटी गटाच्या कपाटात आहे. कुणाला हवी असेल तर वहीत नाव लिहून घेऊन जा. परत आणताना सोल्यूशनची ट्यूब संपली असेल तर नवी टाकून ठेवा.